दोघांनी मिळून भारूड: साठीच्या जोडप्यासाठी पट्टी, वाद्यं, तालीम आणि मंच (नवी मुंबई–ठाणे)

काठावरची_ओवी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नेरूळला राहतो. मी ५८, हे ६२. मला भजनी मंडळातलं गाणं येतं, पेटीवरचे स्वर ओळखता येतात. यांचा तबल्यावर केरवा-दादरा बसलेला आहे, पण हात बरीच वर्षं बंद आहे. आता दोघांनी मिळून लोकसंगीत सादर करायचं ठरवलंय. कार्तिकी एकादशीला सोसायटीत वीस मिनिटं मिळणार आहेत. श्रावण नुकताच लागलाय, म्हणजे हातात जेमतेम चौदा आठवडे.

डोक्यात तीन प्रकार आहेत: पोवाडा, गोंधळ आणि जोडीचं सादरीकरण म्हणून वाघ्या-मुरळी. ढोलकी आणि संबळ दोन्ही घ्यावं असं यांचं म्हणणं. मुख्य अडचण पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर ‘सा’ धरायचा याची. यांना काळी १ सोयीची, मला पांढरी ५. काय करावं?

शाई_गजरा

ताई, वाद्याच्या दुकानाची पायरी अजून चढू नका. आधी पट्टी ठरू द्या, मग प्रकार, वाद्य सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलं की काळी ४ ला बांधलेली ढोलकी घरी येते आणि गळा पांढरी ४ च्या वर जायला तयार नसतो. मग ढोलकी उतरवायची, की तिची चाट (किनारीवरचा टणक बोल) बोलेनाशी होते. पुडी (तोंडावरचं कातडं) ज्या ताणासाठी घडवलेली असते त्याच्या फार खाली ती खुलत नाही, नुसती भद्द वाजते.

पट्टी अशी शोधा. पेटी घ्या, नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा चालेल. तीन दिवस, सकाळी उशिरा एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोघांनी वेगवेगळं बसून खालचा शेवटचा स्वच्छ स्वर आणि हनुवटी वर न उचलता लागणारा वरचा स्वर लिहून ठेवा. आकारात (नुसतं ‘आ’ लावून) नाही, शब्द म्हणून बघा. आकारात दोन स्वर जास्त मिळतात, पण मंचावर शब्द म्हणायचे असतात. ‘विठ्ठल’ म्हणताना जो स्वर दाबून लागतो तो तुमचा नाही असं समजा.

सर्वसाधारण पुरुष काळी १ ते पांढरी २ मध्ये गातो, बाई पांढरी ४ ते काळी ५ मध्ये. पन्नाशीनंतर चित्र थोडं बदलतं. बाईचे स्वरतंतू किंचित जाड होतात, आवाज खाली उतरतो. पुरुषाचे पातळ होतात, आवाज जरा वर सरकतो आणि जोर कमी होतो. म्हणजे वयाबरोबर जोडप्याचे आवाज एकमेकांच्या जवळ येतात. याचा फायदा घ्या. पांढरी ४ वर षड्ज (सा) धरा आणि चाल खालच्या निषादापासून (नी) वरच्या धैवतापर्यंतच (ध) फिरणारी निवडा. काका स्वतःच्या वरच्या अंगाला राहतील, तुम्ही खालच्या अंगाला, आणि दोघं एकाच सप्तकात एकसुरात गाऊ शकाल. जड वाटलं तर पांढरी ३, अंगात ताकद असेल तर काळी ३. याच्या पलीकडे जाऊ नका.

आणि म्हणूनच पोवाडा नको. शाहिराची चाल तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) जाऊन तिथे थांबते. पांढरी ४ चा तार षड्ज बासष्टीच्या बिनसरावाच्या गळ्याला चौदा आठवड्यांत झेपणार नाही.

परडी

वाघ्या-मुरळीबद्दल आधी बोलायला हवं. ती नवरा-बायकोची जोडी नाही. मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली बाई, आणि त्या प्रथेत बायकांचं फार नुकसान झालेलं आहे. देवाला मुरळी सोडणं कायद्याने बंद आहे. जागरण घालणारी घराणी आपल्या अधिकाराने ते करतात. सोसायटीच्या मंचावर हौसेने मुरळीचा वेश करून उभं राहणं मला बरोबर वाटत नाही.

गोंधळाचंही तसंच. तो कुळाचार आहे. चौक मांडणं, दिवटी, देवीला आवाहन, रात्रभराचं आख्यान असा त्याचा क्रम ठरलेला आहे. कवड्यांची माळ आणि परडी ही वेशभूषा नव्हे, ती दीक्षेची खूण आहे. गोंधळाच्या चालीचं एखादं पद गायला हरकत नाही, पण माळ न घालता. शिवाय संबळ कमरेला बांधून उभ्याने वाजवायचं वाद्य आहे. धातूची दोन भांडी पोटावर घेऊन वीस मिनिटं पुढे झुकणं साठीच्या कमरेला जाचक.

तुमच्यासाठी भारूड. एकादशीला शोभणारं, दोघांना काम देणारं, आणि शाई_गजरा म्हणतात तसं मोजक्या सहा-सात स्वरांत फिरणारं. त्यात गाणं आणि बोलणं आलटून पालटून येत असल्यामुळे श्वासाला उसंत मिळते, ही या वयात मोठी गोष्ट आहे.

तिनसांज

परडी यांच्याशी सहमत. एकनाथांची (१५३३–१५९९) भारुडं तीनशेच्या आसपास सांगितली जातात आणि त्यात तीन प्रकार मानतात: भजनी (गायचं), सोंगी (सोंग घेऊन करायचं) आणि कूट (कोड्यासारखं). कूट सध्या बाजूला ठेवा, त्याचं निरूपण अवघड आहे आणि श्रोता पहिल्या मिनिटात सुटतो. एक भजनी आणि एक सोंगी घ्या.

‘विंचू चावला’ पहिल्या सादरीकरणाला उत्तम. विंचू म्हणजे काम-क्रोध हे श्रोत्याला लगेच कळतं, सोंगाला एक उपरणं पुरतं, आणि वेदनेचा अभिनय बसूनही करता येतो. दुसरं ‘सत्वर पाव गे मला’. सून भवानीआईकडे एकेका नातेवाइकाला बाजूला करायचं मागणं मागते, आणि प्रत्येक नातं म्हणजे जिवाला जखडणारा एकेक विकार किंवा ओढ. नवरा-बायको दोघं मंचावर असताना दादल्याचा अंतरा आला की हशा आपोआप येतो. काम तिथूनच सुरू होतं. हशा ओसरू द्या, मनात चार मात्रा मोजा, मग निरूपण. हशातच निरूपण सुरू केलं तर ते कोणाच्या कानी पडत नाही आणि उरतो फक्त सासू-सुनेचा विनोद. भारुडाचा जीव निरूपणात आहे.

त्याच भारुडात जावेच्या अंतऱ्यात केशवपनाचा उल्लेख आहे. समोर कोण बसलंय हे आपल्याला माहीत नसतं. तो अंतरा गाळा, पण शब्द बदलून त्या जागी स्वतःची ओळ घालू नका. गाळणं ही निवड आहे, बदलणं ही संतवचनात ढवळाढवळ. आणि शेवटचा ‘एका जनार्दनी’ मुद्रेचा (कवीच्या नाममुद्रेचा) अंतरा वेळ संपत आली तरी कधीही सोडायचा नाही. जनार्दनस्वामी हे नाथांचे गुरू. सगळं रूपक त्या कडव्यात उलगडतं, ते गेलं की भारूड अर्धवट राहतं.

काठावरची_ओवी

परडी, तिनसांज, मनापासून आभार. मुरळीबद्दल असा विचार केला नव्हता, तो प्रकार यादीतून काढला. तीन दिवसांची नोंद केली, खरंच पांढरी ४ जमतेय. यांना वरचा धैवत थोडा दाबून लागतो. आता वाद्यं सांगा. हे अजून ढोलकीवर ठाम आहेत.

बंदिश_बेलापूर

ढोलकीला एवढं घाबरायचं कारण नाही. तबल्याचा हात असलेल्याला ढोलकी परकी नसते. उजवीकडे शाईची पुडी, बोटांनी वाजते. डावीकडे धुम, तिला आतून मसाला लावलेला असतो, तिथे तळवा आणि बोटांनी घुमारा काढायचा. केरव्याचे ‘धा गे ना ती न क धी ना’ हे बोल तसेच उतरतात. फरक इतकाच की तबल्यावर दोन्ही हात वरून खाली पडतात आणि ढोलकीवर बाजूने आत येतात. त्यामुळे खांदा वेगळा चालतो. पहिले पंधरा दिवस वीस मिनिटांच्या वर बसू नये.

घेताना बोल्टची घ्या. दोरीची आवाजाला गोड असते, पण कड्या ओढायला मनगटात जोर लागतो आणि मुंबईच्या हवेत रोज ओढाव्या लागतात. बोल्टची पाना लावून चढते. समोरासमोरचे बोल्ट जोडीने, एका वेळी पाव फेरा. एकाच बाजूने आवळत गेलात तर पुडी तिरकी ओढली जाते, चाटेवर दोन वेगळे स्वर ऐकू येतात आणि शाईला बारीक तडे जातात.

शाई_गजरा

बंदिश, तुमचं वाजवण्यापुरतं सगळं बरोबर. पण बोल्टची सागाची ढोलकी सहज पाच किलोच्या वर जाते, ती मांडीवर घेऊन बसलेला माणूस सोंगात उठू शकत नाही. भारुडात झीलकऱ्याला (मागून ध्रुवपद उचलणाऱ्याला) मध्येच सासरा, मध्येच वैद्य व्हावं लागतं. दोनच माणसं असताना एक जण वाद्याला जखडला की उरलं काय?

माझं मत: काकांकडे दिमडी, ताईंकडे एकतारी आणि चिपळ्या. एवढंच.

दिमडी म्हणजे लाकडी किंवा पितळी कडं, एका बाजूला कातडं. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. किनारीवर तर्जनी मारली की ‘ना’, मध्यावर चार बोटं मारून सोडली की घुमारा, मारून तिथेच दाबली की बंद बोल. एवढ्या तीन आवाजांत केरवा पूर्ण होतो, आणि वाजवता वाजवता चालता येतं. घेताना एक गोष्ट विचारून घ्या. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहे, ते कातडं बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. कोणी ‘जुनं, अस्सल’ म्हणून दिलं तरी घेऊ नका. बकरीच्या कातड्याची घ्या, किंवा पावसाळ्यासाठी सिंथेटिक पुडीची. सिंथेटिक आवाजाला थोडी कोरडी असते, पण ऐन वेळी दगा देत नाही.

एकतारी उजव्या हातात खांद्याला टेकवून धरायची आणि त्याच हाताच्या तर्जनीने तार छेडायची, डाव्या हातात चिपळ्या. तार सारखी छेडत राहायची नाही. दर चार मात्रांना एकदा, सुराची आठवण राहील इतकीच. निरूपणाच्या वेळी एकतारी चालू आणि चिपळ्या बंद ठेवा. सूर टिकतो, त्यामुळे परत गाण्यात येताना पट्टी चुकत नाही.

मंजिरी_घणसोली

एकतारीऐवजी तुणतुणं घेतलं तर? भारदस्त वाटतं.

शाई_गजरा

तुणतुणं शाहिरी बाजाचं, आणि त्याला एक माणूस पूर्ण लागतो. शिवाय त्याची तार थेट खालच्या कातड्याच्या मध्यातून निघून वर खुंटीला जाते. हवेत ओल आली की कातडं सैल पडतं, तारेचा ताण कमी होतो आणि सूर उतरतो. आश्विन संपेपर्यंत आपल्याकडे हाच खेळ. लाकडी पाटी लावलेली एकतारी घेतली तर हा त्रास बराच कमी. कातड्याची घेतलीच तर आतल्या बाजूला तारेच्या गाठीखाली चकती आहे ना ते उलटी करून बघा. चकती नसेल तर तार कातडं कापत वर येते आणि एक दिवस सटकन सुटते. खुंटी घसरत असेल तर ती काढून खडूची पूड लावा, तेल बिलकूल नको.

काठावरची_ओवी

हे तुमच्या ‘एक माणूस वाद्याला जखडला’ या मुद्द्यावर राजी झाले. दिमडी आणली, बकरीच्या कातड्याची. पण घरात नुसती थप्प वाजतेय. गॅसवर शेकावी का?

बंदिश_बेलापूर

गॅसवर नको! ज्योत एका जागी लागते, तेवढंच कातडं आकसतं आणि कड्याजवळ फाटतं. हलगीवाले शेकतात ते निखाऱ्यापासून लांब धरून, सतत फिरवत. घरात टेबललॅम्पचा जुना पिवळा साठ वॅटचा बल्ब चालतो. वीतभर अंतरावर दिमडी धरायची, कातडं बल्बकडे, सावकाश फिरवत दोन-तीन मिनिटं. मध्ये टिचकी मारून ऐकत राहा. ‘टण्ण’ आलं की थांबा, त्यापुढे तापवली तर आवाज पत्र्यासारखा होतो. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही, त्याला पुरेशी धग नसते.

एसी सभागृहात याच्या नेमकं उलट होतं. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा ठाण्याला गडकरी रंगायतनला कधी संधी मिळाली तर लक्षात ठेवा, एसीच्या कोरड्या हवेत कातडं आवळतं आणि सूर चढतो. निदान पाऊण तास आधी वाद्यं पिशवीतून काढून मंचावर उघडी ठेवायची, सूर सुरू करायच्या आधी लावायचा. घरून लावून आणलेल्या सुरावर विसंबू नये.

तिनसांज

तालमीचा क्रम सुचवते. पहिले चार आठवडे वाद्याशिवाय, फक्त शब्द आणि टाळी. पाचव्या आठवड्यात दिमडी आणा, सातव्यात एकतारी-चिपळ्या. नवव्यापासून उभ्याने आणि सोंगासकट. बाराव्या आठवड्यापर्यंत सगळं बसलेलं हवं, शेवटचे दोन आठवडे फक्त सलग फेऱ्या. रोज चाळीस मिनिटं पुरतात, दोन तास बसून गळा थकवू नका.

वीस मिनिटांचा आराखडा: गजर २ मिनिटं, गौळण ४, पहिलं भारूड ६, दुसरं ७, शेवटची मिनिटभर सोडून द्या. ती टाळ्यांत आणि माइक सरकवण्यात जाते.

आता विसरण्याबद्दल, कारण या वयात भीती तीच असते. भारुडाची रचनाच तुम्हाला सांभाळून घेते. लय मिनिटाला ९० मात्रा धरली आणि ध्रुवपद १६ मात्रांचं असेल, तर झीलकऱ्याने ते एकदा म्हटलं की जवळजवळ ११ सेकंद मिळतात, दोनदा म्हटलं की २१. तेवढ्यात पुढचा अंतरा आठवतो, पाण्याचा घोट होतो, उपरणं खांद्यावरून डोक्यावर जातं. म्हणून ठरवून ठेवा की ध्रुवपद नेहमी दोनदाच. ताईंना आठवत नसेल तर त्या चिपळ्या डोक्याच्या वर धरून वाजवतील आणि काका तिसऱ्यांदा म्हणतील. श्रोत्याला तो रंग वाटतो. याशिवाय एका कागदावर प्रत्येक अंतऱ्याचे फक्त पहिले दोन शब्द, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, पायाशी चिकटवा. पूर्ण अंतरा लिहिला तर नजर तिथेच अडकते.

लय पळणं हे दुसरं दुखणं. निरूपणानंतर बोलण्याचा आवेश अंगात असतो, त्याच वेगात ध्रुवपद सुरू होतं, आणि ९० ने सुरू झालेलं गाणं शेवटी ११५ ला पोचतं. उपाय एकच: प्रत्येक निरूपणानंतर काकांनी आधी आठ मात्रांचं एक आवर्तन रिकामं वाजवायचं, मगच आवाज. श्रोत्यांनी टाळ्या धरल्या तर त्यांच्या मागे जायचं नाही, टाळ्या नेहमी पुढे पळतात.

आणि चुका दाखवण्याची रीत ठरवा. तालमीत थांबून एकमेकांना टोकायचं नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, दुसऱ्या दिवशी दोघांनी वेगवेगळं ऐकून मिनिट-सेकंद लिहा, मग कागद समोरासमोर ठेवा. दोघांच्या कागदावर जे आलं तेवढंच त्या दिवशी दुरुस्त करा. नवरा-बायकोच्या तालमी बहुतेक वेळा चुकीमुळे नाही, टोकण्याच्या सुरामुळे मोडतात.

मंजिरी_घणसोली

निरूपण आगरीत केलं तर नेरूळ-दिवाळे-सारसोळेकडच्या लोकांना जवळचं वाटेल का? आणि आगरी लग्नातला एखादा धवला घालता येईल का मध्ये?

परडी

आगरी घरची बोली असेल तर जरूर, नसेल तर नको. उसनी बोली पहिल्या वाक्यात उघडी पडते आणि गावच्या माणसाला टिंगल वाटते. धवल्याबद्दल: तो लग्नविधीचा भाग आहे, धवलारीण तो वाद्याशिवाय गाते, एकेका विधीला त्याचा त्याचा धवला. तो शिकायचा तर तिच्याजवळ बसून, तिच्या परवानगीने, पुष्कळ वेळ देऊन. भारुडाच्या मध्ये एक तुकडा घालून त्याला न्याय मिळणार नाही. वेगळा घ्या, पुढच्या वर्षी.

कंठमणी

गळा आणि शरीर यावर थोडं लिहितो, कारण इथेच बरेच जण अडतात.

तालमीआधी दहा मिनिटं तयारी. पेल्यात दोन-तीन बोटं पाणी, त्यात नळी बुडवून सौम्य बुडबुडे काढत ‘ऊ’चा सूर धरायचा, खालून वर आणि वरून खाली, तीन मिनिटं. ओठांपाशी अडलेल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते कमी आपटतात. मग तोंड मिटून गुणगुणणं, मग खर्ज, आणि शेवटी शब्द. घसा खाकरून साफ करायची सवय सोडा, प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू जोरात एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी घोटभर पाणी, किंवा कोरडा आवंढा.

रक्तदाबाची गोळी रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गटातली असेल तर काहींना त्याने कोरडा खोकला लागतो. तालमीत ढास येत असेल तर डॉक्टरांना ‘मी गातो’ हे सांगून पर्याय विचारा. आपणहून गोळी बंद करू नका. आम्लपित्ताने सकाळी आवाज घोगरा असेल तर रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरतंतू तपासून घ्यायचे, काढ्यावर काढे पीत बसायचं नाही.

कवळी असेल तर ‘स’, ‘श’, ‘च’ शिट्टीसारखे येतात आणि ते माइकवर दुप्पट होतात. कवळी सैल वाटत असेल तर दंतवैद्याकडून आत्ताच नीट करून घ्या, कार्यक्रमाच्या आठवड्यात नाही. नव्या ठेवणीची जिभेला सवय व्हायला वेळ लागतो.

कानाचंही बघा. वयाने आधी उंच स्वर ऐकू येणं कमी होतं. चिपळ्या आणि टाळ यांचा आवाज तिथलाच. वाजवणाऱ्याला तो पुरेसा वाटत नाही म्हणून तो जोर वाढवतो, आणि समोरच्याच्या कानात खुपतो. चिपळ्यांचा जोर ध्वनिमुद्रण ऐकून ठरवा, स्वतःच्या कानावर नाही. श्रवणयंत्र असेल तर त्याच्या तंत्रज्ञाला संगीतासाठी वेगळी जुळणी करून मागा. बोलण्यासाठी केलेली जुळणी लांबवलेल्या सुराला गोंगाट समजून दाबते.

काठावरची_ओवी

कंठमणी, गोळीचा मुद्दा यांना लागू आहे, उद्याच डॉक्टरांना विचारतो. कार्यक्रम इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये आहे, साधारण शंभर खुर्च्या. साउंडवाला विचारतोय काय काय लागेल.

फेडर_ठाणे

स्टिल्ट म्हणजे वर काँक्रीटचा ठेंगणा स्लॅब, खाली लादी, मध्ये खांब. आवाज सगळीकडून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. निरूपणाला हे सगळ्यात वाईट. म्हणून आवाज वाढवायचा नाही, जवळ आणायचा. मंच लांबीच्या टोकाला न ठेवता रुंदीच्या बाजूला मध्यावर ठेवा, म्हणजे शेवटची रांगही जवळ राहते. मागे जाड पडदा किंवा दोन सतरंज्या उभ्या टांगा.

साउंडवाल्याला सांगा: बारा इंची दोन स्पीकर स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली. ते माइकच्या पुढच्या रेषेत हवेत, मागे नाहीत, नाहीतर शिट्टी बसेल. गाण्याचे दोन साधे डायनॅमिक माइक, शुअर एसएम५८ सारखे. ताईंचे दोन्ही हात गुंतलेले म्हणून त्यांचा स्टँडवर, तोंडापासून तीन-चार बोटं. काका फिरणार म्हणून त्यांचा कॉर्डलेस. पण दिमडी दोन हातांची, तेव्हा माइक हातात धरणं शक्य नाही, डोक्याला लावायचाच मागा. तिसरा माइक दिमडीला नको, काकांच्याच माइकमध्ये ती भरपूर येते, उलट दिमडी छातीच्या खाली धरायची सवय करा. चिपळ्याही कमरेच्या उंचीला. (डोक्यावर चिपळ्या नेण्याची तिनसांज यांची खूण चांगली, फक्त तेव्हा ताईंनी माइकपासून अर्धं पाऊल मागे यावं.)

मिक्सरवर दोन्ही आवाजांना शंभर हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा, आणि एको निरूपणापुरता शून्य. साउंडवाल्यांना एको लावायची हौस असते. गाण्याला थोडा चालेल, बोलण्याला नाही. मंचावर दोघांच्या मध्ये एक छोटा मॉनिटर (गाणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर), त्यात फक्त एकतारी आणि ताईंचा आवाज.

बंदिश_बेलापूर

परवानगी विसरू नका. स्टिल्ट उघडी जागा आहे, त्यामुळे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि लावण्यासाठी आधी स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. नेरूळला शाळा पावलोपावली आहेत, तेव्हा अंतर आधी बघा. घरच्या तालमीत दिमडीखाली मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवला की खालच्या मजल्यावर आवाज जात नाही.

तिनसांज

हक्कांबद्दलही थोडं. नाथांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही, ते सगळ्यांचे. पण एखाद्या ध्वनिमुद्रिकेतली विशिष्ट चाल आणि वाद्यमेळ त्या संगीतकाराचा असू शकतो. तुमच्या भजनी मंडळात चालत आलेली चाल घेतलीत तर प्रश्नच नाही. पुढेमागे शाहिरी रचना घेणार असाल तर कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. अण्णाभाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणजे त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत हक्कांत आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, पण तेच चित्रण यूट्यूबवर टाकलं की ती सूट लागू नाही.

शिकायची इच्छा वाढली तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी कलिन्याच्या विद्यानगरी संकुलात आहे. आणि ठाणे-नवी मुंबईत कोकणातल्या माणसांची भजनी मंडळं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या डबलबारीला (दोन बुवांच्या भजन-सामन्याला) जाऊन नुसतं झीलकऱ्यांकडे लक्ष द्या. बुवाचा शेवटचा शब्द संपायच्या आत ते ध्रुवपद कसं उचलतात, हे कागदावर शिकवता येत नाही.

काठावरची_ओवी

सगळं वहीत उतरवून घेतलं. पट्टी पांढरी ४. क्रम: गजर, गौळण, विंचू, सत्वर पाव. जावेचा अंतरा गाळणार, मुद्रा ठेवणार. दिमडी, एकतारी, चिपळ्या. एकच प्रश्न राहिला. गौळण आम्ही मंडळात काळी ४ ला म्हणतो, तिची चाल वर जाते. तेवढ्यापुरती पट्टी बदलावी का?

शाई_गजरा

बदलू नका. एकतारी एकच आहे, पांढरी ४ वरून काळी ४ ला मंचावर ती चढवायला गेलात तर तीन स्वरांचा ताण एकदम पडतो आणि तार तुटते. तुटली नाही तरी पुढची पाच मिनिटं उतरत राहते. गौळण पांढरी ४ लाच ठेवा. तुम्हाला ती खाली वाटेल, पण काळी ४ वर तुमचा जो स्वर ताणून लागतो तो इथे सहज येईल आणि शब्द जास्त स्वच्छ ऐकू येतील. अंतऱ्याची वर जाणारी ओळ तुम्ही एकट्याने घ्या, काकांनी तिथे गप्प राहून फक्त किनारीवर ‘ना’ द्यायचा आणि ध्रुवपदाला परत मिळायचं. एक जास्तीची तार आणि खडूचा तुकडा एकतारीच्या पिशवीतच ठेवा, पर्समध्ये नको. पर्स ऐन वेळी खुर्चीवर राहते.